काच गरम आहे तोवर

"हात मागे घ्या. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

प्रयोगशाळेचे मुख्य सर हे मराठीत बोलले. मुद्दाम. पाहुणे तमिळ, त्यांना कळू नये म्हणून. चेन्नईतल्या त्या कॉलेजात मराठी आम्ही दोघंच. ते पुण्याचे, मी तंजावरकडचा. माझं बोलणं ऐकून हसायचे, "कुठल्या शतकातलं हो हे मराठी?" अपमान करायला मात्र तेच मराठी चाललं.

माझी नखं जांभळी आहेत. जन्मभर सूत रंगवलं, आता म्हातारपणी प्रयोगशाळेत काचा धुतो. तिथं उन्हापासून वीज काढायच्या काचा करतात. काचेवर पांढरा लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा, मग रंगात बुडवायचा. ऊन पकडतो तो रंग. लेपात रंग मुरला तर वीज.

वीज काही वाढेना. एक काच गडद, दुसरी फिकी. तिथं शिकणारी पोरं रंग बदलून बदलून दमली. मी बघत होतो. भट्टीतून काचा काढायच्या, उघड्या टाकायच्या आणि कॉफीला जायचं. परत येईस्तोवर लेप समुद्राची दमट हवा पिऊन बसायचा. मग रंग शिरणार कुठं? आमचं सूत भिजवूनच रंगात घालतात. पण हा रंग स्पिरिटातला. ह्याला पाणी चालत नाही.

मी म्हटलं, "काच गरम आहे तोवर बुडवा. कॉफी मागनं प्या."

सर म्हणाले, "तुम्ही काचा धुवा. रंगाचं आम्हाला शिकवू नका."

सेल्वी नावाची विद्यार्थिनी मला ताता म्हणते, म्हणजे आजोबा. तिनं गुपचूप करून बघितलं. काच गडद. मीटरचा आकडा चढला. परत केलं, परत चढला. मग तिनं सरांना दाखवलं.

आणि त्या दिवशी सर पाहुण्यांना सांगत होते, "ही युक्ती मला सुचली." माझे हात पाठीमागे.

मी हात पुढे काढले. टेबलावर ठेवले, दहाही नखं दिसतील असे. आणि तमिळमध्ये बोललो. मोठ्यानं.

"हे मी सांगितलं. पोरीला विचारा."

सेल्वी पुढे आली. "आमा, सर. हो, तातांनीच सांगितलं."

सर माझ्या कानाशी मराठीत पुटपुटले, "उद्यापासून येऊ नका."

"मोठ्यानं सांगा, सर. तमिळमध्ये सांगा."

ते पाहुण्यांकडे वळले.

मी प्रयोगाची वही ओढली. चौथीपर्यंत शिकलोय, नाव लिहिता येतं. ह्या युक्तीच्या पानावर माझं नाव लिहिलं. शाईनं.

दुसऱ्या दिवशी गेलो. रोज जातो. नाव खोडायचं असेल तर माझ्यासमोर खोडा. हे हात आता मागे जायचे नाहीत.