त्या रविवारी मी उठले नाही

ऐंशी सालानंतरची गोष्ट. शहराबाहेर जुनवानीकडं मुक्कामाला उतरलेल्या एका बाबांचं प्रवचन ऐकून आल्यापासून आमच्या ह्यांनी संसारातून अंग काढून घेतलं. फक्त घरच्या कामातून; जेवणाच्या वेळा मात्र कडक पाळल्या जात. पोलादाच्या प्लांटमधून ड्यूटी करून आले की व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. गॅस संपो, पोरांची फी राहो, उत्तर एकच. "मी आता बाजूला होऊन पाहून राहिलो. तूही पाहून घे कधी." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी सकाळी मीच ती खुर्ची धरली. चहा केला नाही. प्लांटची लाल धूळ पुसली नाही. सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती सारखी पुसावी लागे. मला वैराग्यबिराग्य काही नको होतं. माझ्यावाचून घर कसं अडतं ते सगळ्यांना दिसावं, एवढंच हवं होतं.

हिंदी शाळेत शिकणारी मुलगी बाहेर आली. "आई, तबियत खराब है क्या?"

"नाही. बसली आहे."

"अच्छा," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं चहाचा वास आला. हे स्कूटर काढून समोसे घेऊन आले. मुलानं कुकर लावला, भात करपला, त्यावरून तिघंही पोट धरून हसली. मी आत असताना त्या घरात असं हसणं कधी ऐकलं नव्हतं. मग पाहुणीला द्यावं तसं एक ताट माझ्यापुढं आणून ठेवलं. धुळीकडं कोणाचं लक्षही गेलं नाही.

दुपारभर मी पाहत राहिले. घराला माझी गरज आहे, हे माझं मीच धरून बसले होते. इतकं स्वच्छ दिसलं की रडूही आलं नाही. असं दिसलं की माणूस शांत होतो म्हणे. मला तर भीती वाटली.

दिवेलागणीला उठले. दुसऱ्या दिवसापासून सगळी कामं पुन्हा माझ्याकडं आली. फक्त माझं ओरडणं थांबलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, किती शांत दिसता आजकाल. हे तर कौतुकानं चारचौघांत सांगत सुटले. एकदा जेवताना मला म्हणाले, "तुले साधलं. मले अजून नाही साधून राहिलं."

मी त्यांना भात वाढला. चिडावं, एवढेही ते आता माझे वाटत नव्हते.