रेकॉर्डबाहेरची वकिलात

किस्से जमवायला कुणी मुद्दाम जात नाही. आपण भलत्याच कामाला जातो आणि घरी आल्यावर कळतं, की कपड्यांना कुसळं चिकटावीत तसे किस्सेच चिकटलेत. आम्ही तर इतिहास जमवायला निघालो होतो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात बिराजदार सर इतिहासाचे हेड आणि मी त्यांच्या हाताखालची नवी लेक्चरर. सरांच्या डोक्यात आलं, की आपल्या जिल्ह्यातली जी माणसं परदेशातल्या वकिलातींत नोकरी करून आलीत, मग तो राजदूत असो नाहीतर आचारी, त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टेप करून ठेवायच्या. "दिल्लीच्या फायली दिल्लीत राहतील हो, माणसं कुठे राहतात?" असं म्हणून त्यांनी सय्यदभाईंना गाठलं. सय्यदभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांच्याकडे स्पूलचा एक अवजड टेपरेकॉर्डर होता. मशीन त्यांचं, प्रश्न सरांचे आणि माइक माझ्या हातात!

सरांना घाई होती ती दादासाहेबांमुळे. दादासाहेब मूळचे बार्शीचे, आता सोलापुरात राहणारे निवृत्त राजदूत. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशननं जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल. त्याच्या आत त्यांचं सगळं बोलणं टेप व्हायला हवं होतं.

*

सुरुवातच घोळानं झाली. सरांनी इथल्या पेपरात निवेदन दिलं, 'वकिलातीत काम केलेल्यांनी येऊन भेटावे.' रविवारी सकाळी मंगळवेढ्याचे एक गृहस्थ काखेत कागदांचं भेंडोळं घेऊन हजर!

"वकिलातीचं काम हितंच हाय न्हवं?"

"हो हो, या ना!" सर खूश. "कुठल्या देशात होता आपण?"

"देशात कशाला? कोर्टात हाय की! शेजाऱ्यानं बांद कोरलाय माजा!"

मी तोंडाला पदर लावला. सर मात्र गंभीर. म्हणाले, "बसा. सय्यदभाई, मशीन लावा."

"सर, अहो, हे..."

"असू द्या हो मॅडम. सीमावादच आहे ना?"

गृहस्थ मनसोक्त बोलले. बांध, शेजारी, शेजाऱ्याचा मेहुणा, सगळे आले. उठताना म्हणाले, "लई हलकं वाटलं बगा सायेब. आता फुडची तारीख कवा?"

*

मोहोळचे एक आचारी युरोपातल्या आपल्या एका वकिलातीत बरीच वर्षं होते. त्यांची मुलाखत म्हणजे मेजवानीच.

एकदा तिथे दोन देशांचे पाहुणे जेवायला आले होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. आपले साहेब हैराण. आचाऱ्यांनी काय केलं, घरून नेलेली शेंगाचटणी दोघांच्या ताटात सढळ हातानं वाढली.

"दोगांच्या बी डोळ्यास्नी पानी! नाकं लाल! मग एकानं दुसऱ्याम्होरं पान्याचा गिलास सरकावला. त्यो काय तरी बोलला, ह्यो हसला. तितनं जे बोलाय लागले, ते उटंचनात!"

सर खुर्चीच्या टोकावर आले होते. "मग? करार झाला का?"

"ते मला काय म्हाईत? मी भांडी बगत हुतो की!"

*

सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या वस्तीत एक निवृत्त टायपिस्ट राहायचे. तेलुगू घरातले, अतिशय सज्जन. आग्नेय आशियातल्या एका वकिलातीत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे पुतण्याचे चादरींचे माग चालायचे. खटक-खटक, खटक-खटक! सय्यदभाईंनी हात जोडून माग थांबवायला लावले.

एकदम शांतता झाली. आणि टायपिस्टही शांत झाले! सरांनी तोच प्रश्न तीनदा विचारला, तरी ते नुसतेच कानोसा घेत बसलेले.

शेवटी ओशाळून म्हणाले, "सर, माफ करा. माग थांबला की मला वाटतं घरात काहीतरी वाईट झालंय. मग मला काही आठवत नाही."

माग पुन्हा सुरू झाले आणि ते छान खुलले. संध्याकाळी दुकानात आम्ही फीत ऐकली. सय्यदभाईंनी कपाळाला हात लावला. "सर, तुमची हिस्ट्री पीछू रह गई, चादर आगू निकल गई!"

*

आता दादासाहेब. मुत्सद्देगिरी त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नाही. एकदा मी विचारलं, "दादासाहेब, चहात साखर जास्त झालीय का?" ते म्हणाले, "साखर घालण्यामागची भावना मी समजू शकतो."

त्यांच्या गल्लीत नळावरून दोन घरांचं भांडण पेटलं होतं. दादासाहेब मध्यस्थीला बसले. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं, दोन्ही बाजूंना चहा पाजला आणि तोडगा काढला, की पहाटेची पहिली पाळी या घराची, दुसरी त्या घराची. दोन्ही घरं आनंदली.

"आणि आमची पाळी?" आतून काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं विचारलं.

गल्लीतलं भांडण मिटलं, पण काकू त्यानंतर भर दुपारी पाणी भरायच्या!

*

सरांना दादासाहेबांकडून एकच गोष्ट खरी हवी होती. फार वर्षांपूर्वी एका बंद खोलीत दोन देशांचे मंत्री बसले होते आणि तिसरे फक्त दादासाहेब. ते दोघे आता हयात नव्हते. तिथे काय बोलणं झालं, हे सांगणारा जगात हा एकच गळा उरला होता.

सर रोज आडून आडून विचारायचे आणि दादासाहेब रोज हवापाण्यावर जायचे. एके दिवशी मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "बिराजदार, हे रेकॉर्डबाहेर हं."

सय्यदभाई ताडकन उठले, अवजड मशीन छातीशी धरून व्हरांड्यात नेऊन ठेवलं आणि घाम पुसत आत आले. "हां साहेब, बोलो. रेकॉर्डर बाहर है!"

दादासाहेब इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग घसा दुखायला लागला आणि त्या दिवशीचं बोलणं तिथंच संपलं. सर हसले खरे, पण घरी जाताना वाटेत प्रश्नांचा कागद काढून पुन्हा पुन्हा वाचत होते. मला सरांचं आणि दादासाहेबांचं, दोघांचंही फार वाईट वाटलं.

*

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दादासाहेब स्वतःच म्हणाले, "आज विचारा. त्या खोलीतलं सांगतो." आवाज पार बसला होता. कोरी फीत एकच उरली होती. सय्यदभाईंनी ती चढवली.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. इतक्या दिवसांत आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. कप ठेवून त्या म्हणाल्या, "सर, ही फीत मला देता का?"

"तुम्हाला? त्यावर काय हवंय, काकू?"

"ह्यांचा आवाज. तुमच्या सगळ्या फितींवर हे साहेबासारखे बोललेत. तसे ते घरात कधी बोलत नाहीत. मला हाक मारतात ना, तेवढी द्या भरून."

सरांनी दादासाहेबांकडे पाहिलं. जन्मभर वाटाघाटी केलेल्या त्या माणसानं लगेच मान डोलावली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सरांनी प्रश्नांचा कागद घडी करून खिशात घातला. म्हणाले, "सय्यदभाई, चालू करा."

"मी समोर असले तर हे हाक कशाला मारतील?" काकू म्हणाल्या. "मी आत जाते. आणि बोलणार नाही हं मी मध्ये, तुमची फीत खराब व्हायची."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. चाकं फिरायला लागली. मी माइक पुढे धरला. दादासाहेबांनी घसा खाकरला.

"अगं, ऐकलंस का?"

आणि आतून भांड्यांच्या आवाजासकट उत्तर आलं, "आले की!"