भार एका पायावर

पहिल्या चाचणीत मी नापास झाले, तेव्हा माझी पाठ पुतळ्याकडे होती.

लंडनमधल्या एका मोठ्या संग्रहालयात शनिवार-रविवारी स्वयंसेवक गाइड म्हणून उभं राहायचं आणि येणाऱ्या लोकांना इटलीतल्या प्रबोधनकाळाची कला समजावून सांगायची, असं ते काम. पगार नाही. गळ्यात अडकवायला एक बिल्ला मिळतो, तेवढंच. त्या बिल्ल्यासाठी मी सगळा हिवाळा ब्रॅकनेलहून ट्रेनने वॉटर्लूला आणि तिथून भुयारी ट्यूबने प्रशिक्षणाला जात होते. आठवडाभर मी आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या रिसेप्शनवर असते. मूल आजारी असल्याचे फोन घ्यायचे, उशिरा आलेल्यांना आत सोडायचं, घरी विसरलेले डबे वर्गात पोचवायचे. काम चांगलं आहे, माणसंही चांगली आहेत. पण मी इतिहास घेऊन बी.ए. केलं आहे, आमच्या घराण्यातली पहिली पदवी, आणि इथे आल्यापासून ती एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्टांच्या खाली पडून होती. मला कुणीतरी इतिहासातलं काही विचारावं आणि मी ते सांगावं, एवढं मला आयुष्यात एकदा हवं होतं.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी महत्त्वाच्या संज्ञांचे दोन कागद हातात पडले आणि मला हायसं वाटलं. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर, तो वाळायच्या आत केलेलं रंगकाम. स्फुमातो म्हणजे रंगांच्या कडा धुरासारख्या एकमेकींत विरवणं. लॉजिया म्हणजे एका बाजूने उघडी, कमानींची पडवी. पिलास्टर म्हणजे भिंतीतून जरासा पुढे आलेला, खांबासारखा दिसणारा पण भार न पेलणारा भाग. कपोला म्हणजे घुमट. व्याख्या पाठ करणं मला येतं. आमच्या तालुक्याच्या शाळेत इतिहासाच्या बाई छडी टेबलावर आडवी ठेवून म्हणायच्या, "व्याख्या म्हणजे हक्काचे गुण. ते सोडणारी मुलगी मला आळशी वाटते." मी ते गुण कधी सोडले नाहीत. युरोपातील प्रबोधनाच्या धड्यात एका पुतळ्याचं तिकिटाएवढं काळपट चित्र होतं. छपाई इतकी वाईट, की तो माणूस आहे की झाडाचा बुंधा तेही कळत नव्हतं. त्या चित्राखाली मी पेन्सिलने रेघ मारली होती. बाईंनी ते सगळं घोकून घेतलं नसतं, तर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नसतं, हे मी आजही मानते.

त्याच पुतळ्याची प्लास्टरची प्रतिकृती, मूळ पुतळ्याएवढीच उंच, या संग्रहालयात उभी आहे. खांद्यावर गोफण टाकलेला तरुण. अंगावर एक सूत नाही.

चाचणीत पंधरा मिनिटांची फेरी घ्यायची होती. ऐकायला आमच्या प्रशिक्षक बाई आणि माझ्यासारखेच तीन उमेदवार. प्रशिक्षक बाई सत्तरीच्या, पांढऱ्या केसांचा बॉब, चालताना किंचित लंगडणाऱ्या. मी सुरुवात केली आणि थांबलेच नाही. या कमानीपासून त्या कमानीपर्यंत, चित्रावरून दारावर, दारावरून खांबावर. माझे पाय पुढे आणि शब्द त्यांच्याही पुढे. मागून चौघांच्या बुटांचा आवाज लांबून येत होता. पुतळ्यापाशी आले तेव्हा मी वळून त्यांच्याकडे तोंड केलं, समोरच्या भिंतीवरच्या पिलास्टरवर नजर ठेवली आणि कोन्त्रापोस्तोची व्याख्या म्हटली: शरीराचा भार एका पायावर, दुसरा पाय मोकळा, त्यामुळे कंबर एका बाजूला कलते आणि खांदे तिच्या विरुद्ध बाजूला. पुढे चला.

संपल्यावर प्रशिक्षक बाईंनी मला बाकावर बसवलं.

"तुमचं पाठांतर बिनचूक आहे," त्या म्हणाल्या. "एकही शब्द चुकला नाही. पण त्याच्या पायांबद्दल तुम्ही त्याच्या पायांकडे पाठ करून बोललात."

मी हातातल्या कागदांची घडी घातली.

"आणि आम्हाला बघायला वेळ दिला नाहीत. तुम्हाला कुठली ट्रेन पकडायची होती का?"

त्या हसून म्हणाल्या, मीही हसले. पण कान तापले होते. आणखी एक संधी मिळणार होती, पंधरा दिवसांनी. त्यातही जमलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. आणि मला माहीत होतं, पुढच्या वर्षी मी करणार नाही. फोल्डर परत पासपोर्टांच्या खाली जाईल.

ते पंधरा दिवस मी घरात नीट बसले नाही. कागद हातात घेऊन बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून जिन्यापर्यंत, परत. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायचे. भाजी ढवळताना तोंडाने स्फुमातो चालू.

"अगं, बस की जरा," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "घरमालक कार्पेट झिजल्याचे पैसे कापेल."

"अहो, मला बसून पाठ होत नाही."

"पाठ झालंय ना तुझं? मागच्या वेळीपण पाठच होतं."

हे त्याने टोचायला म्हटलं नव्हतं, पण ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. मी व्याख्या आणखी पक्क्या केल्या, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

शेवटी मुलगी म्हणाली, "आई, मी येतो तुझ्याबरोबर सॅटरडेला. तू मला टूर दे. प्रॅक्टिस." ती सतरा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली. मराठी बोलते मनापासून, पण मराठीतली स्त्री-पुरुषांची कुंपणं तिला दिसत नाहीत, आणि मी आता ती दाखवायचं सोडलं आहे.

त्या शनिवारी संग्रहालयात गर्दी होती. मी तिला दाराशी उभं केलं आणि फेरी सुरू केली. तिसऱ्या वाक्याला ती म्हणाली, "आई, स्लो डाउन. मी अजून ती सीलिंग बघते."

"ते पुढे येणार आहे."

"सीलिंग पुढे कुठे येणार? ते वरच आहे ना!"

पुतळ्यापाशी पोचलो. मी सवयीने त्याच्याकडे पाठ केली आणि बोलायला तोंड उघडलं, तर समोर मुलगी उभी. पिशवी एका खांद्यावर, एक गुडघा सैल सोडलेला, कंबर एका बाजूला टाकून, फोन असलेला हात खाली लोंबत. ती नेहमी अशीच उभी राहते. बस स्टॉपवर, फ्रिजपुढे, शाळेच्या रांगेत. आणि मी नेहमी जे म्हणते तेच तोंडातून गेलं.

"नीट उभी राहा. लोक बघतायत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून वर.

"मग त्याला सांग ना! तो पण असाच उभा आहे. आणि त्याने तर कपडे पण नाही घातली."

शेजारी एक म्हातारं जोडपं पुतळा पाहत होतं. त्यांना मराठी कळणं शक्य नव्हतं, तरी मला वाटलं, कळलं. मी तिला "हळू बोल" म्हटलं आणि ती कुठे बघतेय ते पाहायला वळले, तशी माझी नजर पुतळ्यावर गेली. तो आधार देणारा उजवा पाय, ताठ. दुसरा, पुढे सैल ठेवलेला. उजवी कंबर वर चढलेली आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरलेला. पोटावर बारीकसा मुरड घेतलेला उतार. परत मुलीकडे पाहिलं. तिचीही उजवी कंबर वर, उजवा खांदा खाली. पिशवीचा पट्टा त्या खांद्यावरून सारखा घसरत होता आणि ती तो सारखा वर ओढत होती. माझ्या घरात सतरा वर्षं कोन्त्रापोस्तो उभा होता आणि मी त्याला रोज सरळ करत होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. तशीच उभी राहा."

"आत्ता म्हणालीस नीट उभी राहा."

"आता म्हणते तशीच राहा."

"ओह माय गॉड, आई."

परतीच्या ट्रेनमध्ये ती हेडफोन लावून झोपली आणि मला खिडकीतली घरं दिसेनात. आत्याची आठवण आली. वडिलांची थोरली बहीण, आमच्या घरी राहायची. मी बारा-तेरा वर्षांची असताना दारात एका पायावर भार टाकून चौकटीला टेकले की तिचा आवाज यायचा, "तमाशात उभी आहेस का गं?" मग मी दोन्ही पाय जुळवायचे. रस्त्यात थांबून काही बघत राहिलं, बांगड्यांचं दुकान असो नाहीतर सिनेमाचं पोस्टर, तर "काय बघत उभी राहिलीस? चल." आत्या दुष्ट नव्हती. माझी फी भरायची वेळ आली की वडिलांशी भांडायची ती तीच. पोरीकडे बोट दाखवून कुणी तिची शाळा बंद करायला नको, एवढंच तिला हवं होतं. शाळेत पीटीचे सर ओरडायचे, "सावधान! विश्राम!" विश्राममध्येही पाय ठरावीक अंतरावर, हात मागे, भार दोन्ही पायांवर सारखा. हुकमाने घ्यायची विश्रांती. तिसरी कुठली उभं राहण्याची पद्धत आम्हाला कुणी शिकवली नव्हती, उलट ती आपोआप आली की मोडून काढली गेली.

म्हणजे मला बघताच येत नाही, असं नव्हतं. मला थांबून बघण्याची भीती वाटत होती. माझे पाय मला तीसेक वर्षं न थांबता पुढे ढकलत होते.

हे कळलं म्हणून पाय थांबले नाहीत. दुसऱ्या चाचणीच्या दिवशीही वॉटर्लूच्या सरकत्या जिन्यावर मी उभी न राहता चढत गेले. संग्रहालयाच्या दाराशी अर्धा तास आधी पोचले आणि तिथल्या फरशीवर फेऱ्या मारल्या. या वेळी ऐकायला प्रशिक्षक बाई, मागचेच तीन उमेदवार, आणि एक नवीन गृहस्थ, बहुधा त्यांच्या वरचे. माझ्या डोक्यात दोन कागदांतल्या सगळ्या संज्ञा ओळीने उभ्या होत्या. मी कमानीपाशी पहिली सांगितली, एका दरवाजापाशी पिलास्टर दाखवला आणि याला हात लावावासा वाटतो पण लावायचा नाही, असं म्हटलं. लोक हसले. मग सरळ पुतळ्यापाशी गेले.

मी त्याच्याकडे तोंड केलं. म्हणजे आता माझी पाठ श्रोत्यांकडे. आणि गप्प राहिले.

ती शांतता फार लांब वाटली. मागे कुणीतरी खोकलं. माझा डावा पाय पुढच्या दालनाकडे निघायला पाहत होता, अगदी खरोखर, बुटातली बोटं वळत होती. मी त्याला तिथेच धरून ठेवलं. मग वळून म्हटलं, "पिशव्या खाली ठेवाल का? आणि दोन्ही पाय जुळवून ताठ उभे राहा. शाळेतल्यासारखे."

सगळे उभे राहिले. ते वरचे गृहस्थसुद्धा.

"आता सगळा भार उजव्या पायावर घ्या. डावा गुडघा सोडून द्या. खांद्यांना काही सांगू नका. ते काय करतात ते बघा."

आणि मी स्वतः तसं केलं. पाच माणसांसमोर, एका उघड्या पुरुषाच्या पुतळ्याशेजारी, कंबर एका बाजूला टाकून. माझा उजवा खांदा आपोआप खाली आला. पाठीच्या कण्यात काहीतरी वळलं. चेहरा तापला, पण मी हलले नाही.

"अरेच्चा," एक उमेदवार म्हणाला, "माझा खांदा खरंच उतरला."

"मी तर कायम अशीच उभी असते," प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "डावा गुडघा बदलायला झालाय ना. मला वाटायचं हे म्हातारपण आहे. तुमच्या मते ही अभिजात कला आहे!"

हसणं विरल्यावर मी म्हटलं, "आता त्याच्याकडे बघा." आणि सगळ्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. थोड्या वेळाने मी तो शब्द सांगितला. व्याख्या सांगायची गरज उरली नव्हती, तरी सांगितली. शाळेतल्या बाईंचे हक्काचे गुण सोडवले नाहीत.

शेवटी प्रशिक्षक बाईंनी कागदावरून नजर फिरवली. "स्फुमातो राहिला. कपोला राहिला. लॉजियासुद्धा."

"हो," मी म्हटलं.

"असू दे. त्यांना पुढचा रविवार आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी अकराची फेरी घ्याल? खऱ्या लोकांना. बिल्ला ऑफिसात तयार असेल."

संध्याकाळी वॉटर्लूला माझ्या ट्रेनचा प्लॅटफॉर्म अजून लागला नव्हता. मोठ्या पाटीखाली माना वर करून शेकडो लोक उभे होते, नंबर दिसताच पळायच्या तयारीत. मुलीचा मेसेज आला: "कसा झाला???" मी लिहिलं, "झाला." लगेच नाचणाऱ्या बायकांची चित्रं आली, सहा-सात. मी फोन खिशात टाकला आणि पाटीकडे पाहत राहिले. पायांत पुन्हा तीच चुळबुळ. भार केव्हा उजव्या पायावर गेला होता मला कळलंही नव्हतं. शेजारून जाणाऱ्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं, किंवा पाटीकडे पाहिलं असेल, आणि तेवढ्यात आत्याचा आवाज आला, अगदी कानाशी, नीट उभी राहा.

मी पाय न जुळवता भार डाव्या पायावर घेतला.