सांगून जायचं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसाला गप्पांत बसवून ठेवण्यात आमच्या अध्यक्षांचा हात धरणारा कोणी झाला नाही. अध्यक्ष म्हणजे आमच्या अंध आणि अधू नजरेच्या लोकांच्या मंडळाचे. दर शनिवारी वारूळवाडीच्या समाजमंदिरात आम्ही जमतो. कोणी जवळून चालत येतं, कोणी पार घोडेगावाहून एसटीने. अध्यक्ष पिंपळवंडीचे. त्यांचे दोन्ही डोळे चाळिशीतच काचबिंदूने गेले, पण मोटारी भरण्याचं दुकान काही त्यांनी बंद केलं नाही. तांब्याच्या तारेचे वेढे बोटांनी मोजत आणि तोंडाने गिऱ्हाइकाला झापत ते पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत राहिले. माझ्यासारख्या अर्धवट दिसणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. मी निवृत्त शिक्षक. माझ्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय, कडा तेवढ्या दिसतात. “आमाला म्होरं भिंत हाय ह्ये ठावं असतं, मास्तर. तुमी अंदाज करता. म्हणून टेंगळं तुमालाच येत्यात,” असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि माझं कपाळ पाहता मला वाद घालायची सोय नव्हती.

एकदा मंडळाला घेऊन लेण्याद्रीला गेलो. दर्शन झाल्यावर कठड्याशी उभं राहून त्यांनी मला विचारलं, खाली काय काय दिसतंय? मी म्हटलं, सगळं हिरवंगार आहे. “त्येवढं तर मीबी सांगतो,” म्हणाले आणि एकदम त्यांनी खालच्या आवाजाकडे कान लावला. मग माझा दंड आवळून ओरडले, “आरं, कुणाची तरी मोटार पान्याबिगर कोरडी चाललीया! जळंल राव!” खाली उतरून ते शेत सापडेपर्यंत त्यांनी आम्हाला जेवू दिलं नाही. मोटार खरोखरच कोरडी चालली होती आणि मालक बांधावर घोरत होता. त्याला अध्यक्षांनी असं काही उठवलं की बिचारा आम्हा सगळ्यांच्या पाया पडायला लागला.

पण त्यांचा खरा नाद म्हणजे मंडळाचा एक नियम. आत येताना प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं आणि जाताना सांगून जायचं. या नियमाला कारण मी, हे कबूल करायला आजही लाज वाटते. मंडळातला माझा पहिलाच शनिवार होता. अध्यक्ष मला मोटार कशी भरतात ते समजावत होते, माझी एसटी चुकत होती, आणि त्यांच्या बोलण्यात खंड पडेना. मी हळूच उठून सटकलो. त्यांना दिसणार नव्हतंच. पुढच्या शनिवारी ते हसत म्हणाले, “मास्तर, तुमची खुर्ची लई हुशार हाय. सगळं काम शिकली, एक शंका न्हाई इचारली.” सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी आवाज उतरवून एवढंच विचारलं, “येक शबुद बोलला असता, तर काय गेलं असतं?” त्याच दिवशी नियम झाला. पुढे पांढऱ्या काठ्या वाटायला आलेले एक पुढारी फोटो काढून न सांगता निघून गेले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना फोन लावून, स्पीकरवर टाकून, सगळ्या मंडळासमोर “येतो मी” म्हणायला लावलं.

गेल्या वर्षी त्यांची बायको वारली आणि मुलाने त्यांना पुण्याला फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. त्यांना जायचं नव्हतं. दोन तालुक्यांशी भांडलेला हा माणूस मुलाशी मात्र भांडला नाही. “पोरगं चांगलं हाय. चांगल्या मान्साशी भांडायचं कसं?” एवढं म्हणाले. शेवटच्या शनिवारी आमच्यातल्या एकेकाच्या हाताला हात लावून त्यांनी सांगितलं, “जातो बरं का.” मला त्या दिवशी कडाही नीट दिसत नव्हत्या.

दिवाळीनंतर मी पुण्याला गेलो. सुनेने दार उघडलं. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती, मला पाणी देऊन ती आतल्या खोलीत गेली. हॉलमध्ये अध्यक्ष रिकाम्या सोफ्याला कसल्याशा विहिरीची गोष्ट सांगत होते. सून मघाशी तिथे बसली असणार. मी माझं नाव सांगितलं. ते इतके खूश झाले की ती विहीर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दोन तास ते बोलले. परतायची वेळ झाली तेव्हा मला, खरं सांगतो, पुन्हा न सांगता सटकावंसं वाटलं. यावेळी एसटीसाठी नव्हे. “निघतो” हा शब्द तोंडातून फुटेना. मी उठून दारापर्यंत गेलोसुद्धा. ते सोफ्याकडे तोंड करून बोलतच होते.

“अध्यक्ष,” मी म्हणालो, “मी निघतो.”

ते वाक्याच्या मधेच थांबले. मग आवाजाच्या दिशेने मान वळवून म्हणाले, “सांगितलंत, लई बरं केलं, मास्तर. हितं कुनी सांगत न्हाई, म्हणून म्या बोलतच ऱ्हातो. आता गप बसतो.”

दार लावून मी जिन्यात बराच वेळ उभा राहिलो. आतून काहीच ऐकू आलं नाही.