कुंदाअक्काचे फाटके मांडे

आमच्या पाचोरा तालुक्यात खापरावरचे मांडे करणारीला मान असतो, आणि आमच्या गावात तो मान चाळीस वर्षं कुंदाअक्काचा होता. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत ती कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर असा अलगद टाकायची, की जणू झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालते आहे.

पण नंतर नंतर दर सणाला तिचे तीन मांडे फाटायचे. तीनच. फाटका मांडा पाहुण्याच्या ताटात वाढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मग अक्का तोंड वाकडं करून ते तीन, वर तुपाची वाटी ठेवून, शेजारच्या प्रमिलाबाईकडे न्यायची. "वाया जातील गं, घे."

प्रमिलाबाई एकटी बाई, दुसऱ्याच्या शेतात राबणारी आणि मानी. कुणाचं फुकट घ्यायची नाही. वाया जाणारं मात्र घ्यायची.

अक्काचे मालक बन्सीलालभाऊ ओसरीवरून हसायचे. "एखादा मना नावना बी फाड की!" त्यांनाही आपल्या नावाचा एक हवा असायचा.

पुढे नात कामिनीचा साखरपुडा ठरला. जळगावचे चाळीस पाहुणे येणार. अक्का पहाटेच न्हाऊन खापरासमोर बसली, तर धाकटी जाऊ कमलबाई पदर खोचून पुढे आली.

"अक्का, तुमना हात गया आते. पाहुणासना ताटमा फाटेल मांडा वाढाना का?"

हात गेला, हे ऐकून अक्काचा चेहरा उतरला. आयुष्यात तिनं मिरवलं ते एवढंच. दागिना नाही, साडी नाही, खापर. शिवाय नातीचा साखरपुडा. 'मी मुद्दाम फाडते' एवढं म्हणाली असती तर भागलं असतं. पण प्रमिलाबाई तिथेच कणीक तिंबत बसली होती.

"खरं शे," अक्का म्हणाली. "तूच बस." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बसा खाली!" प्रमिलाबाई कडाडली. "कमलबाई, बारा वरीस मी ते मांडा खास. प्रत्येकले कडेलेच फाटेल, अंगठाइतलं. पुरण कधी सांडेल नही. असं हात गयेल बाईले जमस का? माले बठ्ठं माहीत शे."

बारा वर्षं खाणारीला सगळं ठाऊक होतं, हे ऐकून अक्का भडकली. "माहीत होतं तर घेत कशाले होती?"

"तुमनी गंमत जाती म्हनीसन."

कमलबाईनं पदर सोडला आणि पुरण वाटायला बसली. अक्का खापरासमोर बसली. त्या दिवशी साठ अख्खे मांडे झाले. एवढं करून ती प्रमिलाबाईशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बारा वर्षं आपणच फसलो, याचा राग होता.

त्यानंतरची सहा वर्षं, अगदी जाईपर्यंत, अक्का भर दुपारी अख्ख्या मांड्यांचं उघडं ताट घेऊन शेजारी जायची. प्रमिलाबाई दारातच चाखायची आणि म्हणायची, "वेलची कमी शे." मग दोघी तासभर भांडायच्या. अक्काच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही, पण वेलचीच्या बाबतीत तिनं कुणाला कधी माफ केलं नाही.