खरादाची दोरी

कातलेल्या शिवणीच्या लाकडाचा वास आला, की मला अजून लाज वाटते. बायको पहिल्यांदाच माळव्यात, धारला नांदायला येणार, म्हणून मी खरादावर लाकूड कातणाऱ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना कणकेसाठी काथवट करायला सांगितली होती. खराद फिरवायची दोरी ओढायला मीच हौसेनं बसलो आणि जोर दाखवायला असा हिसका दिला, की हत्यार रुतून काठच उडाला.

“भिया, लकडी है, बैल नी है,” बाबा म्हणाले.

दुसरं वाळलेलं लाकूड नव्हतं. माझी मोडतोड त्यांनी शांतपणे कातून काढली. काथवटीची वाटी झाली खरी, पण रेशमासारखी गुळगुळीत आणि काठाला पानाइतकी पातळ. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

बायकोनं ती उन्हात फिरवून पाहिली. “कुणी केली हो?”

“खरादवाल्या बाबांनी केली. लहान मात्र मी केली.”