बॉसला मारायला निघालेली सून

अहो, आधी कप खाली ठेवा. हो, सगळ्यांनी! मागच्या खेपेला हे सांगताना एकीच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफा माझा होता.

तर आता ऐका. मी, केतकी, माहेर पुण्याचं, सासर हैदराबादचं, वय चाळिशीला टेकलेलं. अशी मी एका रविवारी सकाळी भर चौकात पोलिसांच्या तावडीत सापडले. हातात कुऱ्हाड. अंगावर रक्त. आणि शेजारी कोण? सासरे!

हसू नका. अजून काही सांगितलंच नाहीये मी.

मला व्हिडिओ गेमचं वेड आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आहे तर आहे! लोक टीव्हीवर मालिका बघतात, मी राक्षस मारते. माझ्या आवडत्या गेममध्ये एक राणी आहे. तिचं गाव एका आठ हातांच्या राक्षसानं जाळलंय. ती भलीमोठी दुधारी कुऱ्हाड घेऊन त्याच्या मागे लागलीय. गेममधल्या अशा शेवटच्या, सगळ्यांत दांडग्या राक्षसाला 'बॉस' म्हणतात. एवढं ध्यानात ठेवा. चौकातल्या पोलिसांना हे आधीच माहीत असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

माझी मैत्रीण प्रवल्लिका, तीही याच वेडातली. तिनं मला न विचारता माझं नाव एका स्पर्धेत घातलं. गेममधल्या पात्रासारखं नटून स्टेजवर यायचं. दिलसुखनगरच्या पलीकडे एका हॉलमध्ये. मी आधी नाही नाही म्हटलं, आणि मग काय केलं? सगळ्या ऑफिसला सांगून टाकलं की पहिलं बक्षीस माझंच! झालं. आता माघार कुठली?

कपडे जमले. काळा झगा, फाटका शेला, गालावर जखमेचा व्रण. राहिली कुऱ्हाड. अशा स्पर्धांतली मंडळी हत्यारं फोमची करतात. मीही फोम आणला, कापला, चिकटवला, रंगवला. मोठ्या अभिमानानं उचलला. पातं हळूहळू खाली वाकलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलं.

तेवढ्यात मामंजी गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले.

आमच्या मामंजींचं सांगते. जन्म गौलीगुड्यातला, नोकरी सरकारी तांत्रिक शाळेत फिटरकाम शिकवण्याची. निवृत्त झाल्यापासून चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात खुर्ची, पेपर आणि ते. माझ्याशी त्यांचं इतक्या वर्षांचं संभाषण म्हणजे, "चहा ठेवू?" "ठेव." "ठेवला." संपलं!

तर त्या दिवशी ते म्हणाले, "हे काय करायलीस?"

"कुऱ्हाड, मामंजी."

"ही? ही तर मान टाकायली की गं!"

मामंजी दोन बोटांनी ते पातं वर उचलायचे, सोडायचे, ते पुन्हा पडायचं. मग म्हणाले, "नक्को. फेक ते. कुऱ्हाड म्हणजे लाकूड आन् लोखंड. चल, माळ्यावरनं पेटी काढ."

अहो, पेटी उघडली आणि आमच्या घरात कारखाना सुरू झाला! जुन्या सागवानी पलंगाचा मच्छरदाणीचा खांब, त्याचा झाला दांडा. मोडक्या कूलरचा पत्रा, त्याचं पातं, आत प्लायवूड भरून. कडेला लावायला जाड लोखंडी पट्टी हवी, म्हणून मामंजी स्वतः गौलीगुड्याला जाऊन घासाघीस करून घेऊन आले. मी करवत चालवतेय, ते ओरडतायत, "सरळ! सरळ! लाकूड कापायलीस का केक?" मी कानशीनं कडा घासतेय, ते चष्मा कपाळावर चढवून रिवेट ठोकतायत. धाड, धाड, धाड! खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, काय चाललंय म्हणून. मामंजींनी त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि घासायला बसवलं!

पातं नवं कोरं दिसत होतं. मी व्हिनेगर आणि मीठ चोळून रात्रभर ठेवलं. सकाळी काय सुंदर गंज चढला होता म्हणून सांगू! मामंजी वाकून बघत बसले. म्हणाले, "शंभर लढाया खाल्लेली दिसायली रे बाप्पा."

माझा नवरा समीर तेव्हा कामानं चेन्नईला होता. फोनवर सांगितलं तर विचारतो, "काय? बाबा बोलले? तुझ्याशी? वाक्यं?"

वाक्यं काय, आता प्रश्नही सुटले होते.

"ही राणी मारते कुणाला?"

"बॉसला."

"का बरं?"

"त्यानं तिचं गाव जाळलं."

मामंजींच्या हातातली हातोडी थांबली. "गाव जाळला? माणसांसकट? मग सोडायचा नाही त्याला."

रविवार उजाडला. मी नटले. झग्यावर लाल रंगाचे शिंतोडे मारले, कपाळावरून एक ओघळ. मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. कुऱ्हाड माझ्या खांद्याएवढी! गुलाबाच्या चादरीत गुंडाळली, तरी रिक्षात बसल्यावर दांडा एका बाजूनं बाहेर आणि पातं दुसऱ्या बाजूनं.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. गिअर टाकला बिचाऱ्यानं.

मला इतका उत्साह चढला होता ना, की जीभ थांबेना. मामंजींनाही तेच. आम्ही दोघं आपल्या मराठीत सुरू!

"मरंल ना आज तुझा बॉस?"

"मरायलाच पाहिजे, मामंजी! नाही मेला तर उद्या ऑफिसात तोंड दाखवता यायचं नाही."

"कुठं हाणणार?"

"मानेवर. एकाच घावात!" आणि मी गळ्यावरून असा हात फिरवला. सर्र!

आता त्या रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं. पण त्याला 'बॉस' कळलं, 'ऑफिस' कळलं, आणि गळ्यावरून फिरलेला हात तर कुठल्याही भाषेत कळतो. तेवढ्यात खड्डा आला, चादर सरकली, आणि आरशात त्याला ते गंजकं पातं दिसलं. वर मी, कपाळावरून रक्त वाहतंय आणि तोंडभर हसू!

पुढच्या चौकात बंदोबस्त होता. त्यानं रिक्षा थेट पोलिसांच्या पुढ्यात घातली, उडी मारली आणि बोंब ठोकली, "साब! साब! मर्डर को जारे साब ये लोगां! आफिस में घुसके बॉस को काटते कते!"

धडाधड शिट्ट्या. एका क्षणात आमच्याभोवती खाकीच खाकी. मला बाहेर काढलं, मामंजींना बाहेर काढलं, कुऱ्हाड बाहेर काढायला दोन हवालदार लागले. सब-इन्स्पेक्टर साहेब आले. भक्कम मिशी, भक्कम पोट. कुऱ्हाड बघितली, मला बघितलं, म्हणाले, "क्या है ये?"

मी म्हटलं, साधं सरळ सांगावं. "साहब, ये गेम के लिए है."

आता तुम्हीच सांगा, पोलिसाला 'गेम' म्हटल्यावर काय आठवणार? गुंडांच्या भाषेत गेम करणं म्हणजे खून!

साहेबांचे डोळे बारीक झाले. "किसकी गेम?"

"मेरी."

"तुम्हारी गेम कोई कर रहा है, या तुम किसीकी कर रहे?"

"मैं रोज करती हूँ, साहब. ऑफिस से आने के बाद."

अहो, मी खरं तेच सांगत होते! पण पलीकडचा हवालदार एक पाऊल मागे सरकला.

"और ये बॉस कौन है?"

माझ्या आधी मामंजी पुढे झाले. त्यांना वाटलं, सुनेला इथली दक्खनी हिंदी जमत नाही, आपण सांभाळून घेऊ. अशी काही सांभाळणी झाली म्हणून सांगू! "साहब, उनो बहोत हरामी है! पूरा गाँव जला दिया, साहब! बच्चे-बुड्ढे सब! उसको छोडना नक्को बोलके मैंच ये कुल्हाड बनाया."

"कौनसा गाँव?" साहेबांनी खिशातून फोन काढला.

"नाम पूछ्या नै मैं," मामंजी माझ्याकडे वळले. "काय गं नाव गावाचं?"

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. झग्याला खिसा नाही म्हणून तो मामंजींकडे होता. त्यांनी घाईघाईत कुठं बोट लावलं देव जाणे, पण फोन स्पीकरवर सुरू झाला आणि प्रवल्लिकाचा आवाज अख्ख्या चौकात घुमला, "अरे कहाँ है यार? सब लोगां खडे हैं इधर! तू बॉस को मारने आ रही ना? खून थोडा जादा लगा के आ!"

सिग्नल हिरवा झाला होता, पण एक गाडी हलेना.

मी रडकुंडीला आले. "साहेब, खिलौना है हो! नाटक का! लकडी और कूलर का पत्रा. इसको धार ही नहीं है. इससे टोमॅटो भी नहीं कटेगा!"

"अच्छा?" साहेब म्हणाले. कोपऱ्यावर शहाळ्यांची गाडी होती. त्यांनी एक शहाळं मागवलं, फुटपाथच्या कठड्यावर ठेवलं. "मारो. देखते हैं."

मला हायसं वाटलं! एका फटक्यात सुटका. पत्रा दणकन आपटणार, शहाळं घरंगळणार, सगळे हसणार, आम्ही निघणार. मी कुऱ्हाड उचलली. मामंजी हळूच म्हणाले, "सूनबाई, जरा ठैर..." पण मी कुठली ऐकतेय! गेममधल्या राणीसारखी आरोळी ठोकली आणि हाणली.

खच्च!

शहाळ्याचे दोन तुकडे. स्वच्छ, समान, आतली मलईसुद्धा मधोमध. पाणी उडालं ते थेट साहेबांच्या मिशीवर.

मी वळले. "मामंजी?"

मामंजी जमिनीकडे बघत होते. "तू तोंड रंगवत होतीस ना सकाळी, तवा पट्टीला जरा धार काढली. बिनधारेची कुऱ्हाड घेऊन सून स्टेजवर जाणार, मला कसंतरीच वाटायलं होतं."

चिडू की पाया पडू?

आमची वरात चौकीवर जाणार इतक्यात एक महिला हवालदार पुढे आली. इतका वेळ ती कुऱ्हाडीकडे टक लावून बघत होती. तेलुगूत साहेबांना भराभरा काहीतरी बोलली, आपला मोबाइल काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. मोबाइलवर कोण? आमची राणी! तोच झगा, तोच व्रण, तीच कुऱ्हाड. बाई हाच गेम खेळत होती! साहेबांनी एकदा मोबाइल बघितला, एकदा मला. मोबाइल. मी.

"वो इतनी मोटी नहीं है," ते म्हणाले.

पण पटलं! मात्र कुऱ्हाड सोडायला तयार नाहीत. धार आहे ना! "चलो, मैं आता हूँ. सच में प्रोग्राम है क्या, देखता हूँ. हत्यार मेरे पास रहेगा."

मग काय! रिक्षा गेली, जीप आली. पुढे साहेब, मागे मी, मामंजी आणि ती हवालदारीण. ती वाटभर मला विचारत होती, आठ हातांपैकी आधी कुठला तोडायचा. मामंजी तिला रिवेट कसे मारले ते सांगत होते. मला सांगा, अशा वेळी घाबरायचं तरी कसं? मला तर भलतीच मजा यायला लागली होती!

हॉलच्या दारात पोचलो आणि आतून माझं नाव पुकारलं गेलं. शेवटची हाक! मी धावले. साहेब माझ्यामागे धावले. मी स्टेजच्या पायऱ्या चढले, तेही चढले. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, आरोपी नजरेआड होता कामा नये.

दिवे लागले. समोर ही एवढी गर्दी. मी हात पसरून राणीचं वाक्य म्हटलं, "माझ्या गावाची राख तुझ्या कपाळी लावीन!" आणि कुऱ्हाडीला हात घातला. साहेबांनी ती मागे ओढली. मी पुन्हा ओढली. ते कुजबुजले, "नै देता बोला ना!" मी म्हटलं, "साहब, दो मिनट!" ते म्हणाले, "धार है!" मी दांड्याला लोंबकळले. त्यांनी एका हातानं कुऱ्हाड डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेतून मामंजींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की माझ्या लग्नात बँडही एवढ्या जोरात वाजला नसेल!

निकाल लागला. पहिलं बक्षीस आमच्याच प्रवेशाला! मी आनंदानं उडी मारून पुढे धावले. परीक्षक बाईंनी मला हातानं हळूच बाजूला केलं आणि ट्रॉफी साहेबांच्या हातात दिली. माइकवर म्हणाल्या, सर्वांत अस्सल वेशभूषा! पट्टा, टोपी, चालण्यातला रुबाब, इतकंच काय, पोटसुद्धा अगदी खऱ्या पोलिसासारखं जमवलंय.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, सोबतच्या चोरणीलाही उत्तेजनार्थ द्यायचं मनात होतं, पण तिचा अभिनय अगदीच खोटा वाटला.